किराईत, सातवीण, सागरगोटा: झाडपाला मलेरियाच्या जंतूवर खरंच चालतो का, हे तपासायचं कसं

दर वर्षी ऑक्टोबर लागला, रस्त्याकडेच्या सातविणी फुलल्या आणि संध्याकाळी गाडीवरून जाताना तो उग्र वास नाकात भरायला लागला की मला हमखास कोणाचा तरी मेसेज येतो. कधी आयुर्वेद कॉलेजचा इंटर्न, कधी बॉटनीत एमएस्सी करणारी मुलगी, कधी फार्मसीवाले. "ताई, आमच्या गावाकडे हिवतापावर सातविणीची साल देतात, लॅबमध्ये टेस्ट करता येईल का?"

येते की. पण त्यासाठी काय काय करावं लागतं ते फोनवर सांगता सांगता अर्धा तास जातो आणि तरी निम्मं राहतंच, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी पुण्यात गेली नऊ वर्षं मलेरियाच्या जंतूचं कल्चर (लॅबमध्ये जिवंत वाढवलेले जंतू) सांभाळतेय आणि त्यात ज्या चुका केल्यात त्या तुम्ही परत करू नयेत एवढी इच्छा आहे.

सगळ्यात आधी एक सांगते आणि हे अगदी मनापासून. हे सगळं टेस्टिंगबद्दल आहे, उपचाराबद्दल नाही. घरात कोणाला थंडी वाजून ताप आला असेल तर रक्त तपासा आणि डॉक्टर देतील ती गोळी पूर्ण घ्या, काढा देऊन वाट बघत बसू नका. फाल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात धोकादायक जंतू) असेल तर माणूस एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. आणि व्हायवॅक्स, मलेरियाचा दुसरा जंतू, लिव्हरमध्ये लपून बसतो, त्याच्यासाठी प्रायमाक्विन वेगळं घ्यावं लागतं, खाली मी जी टेस्ट सांगतेय तिच्यात तो लपलेला जंतू दिसतसुद्धा नाही.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला? कारण मलेरियावरची सगळ्यात मोठी दोन औषधं झाडातूनच आलीत. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली क्विनीन वेगळं केलं आणि १९७१ मध्ये चीनमध्ये तू यूयू यांच्या टीमने आर्टेमिसिया अ‍ॅन्युआच्या अर्काने (त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध आलं) उंदरातले जंतू साफ केले, त्याच्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. आपल्या सह्याद्रीत काय आहे ते आपण नीट, प्रामाणिकपणे बघितलं पाहिजे असं मला वाटतं, आणि प्रामाणिकपणे म्हणजे "चालत नाही" हे उत्तर आलं तर तेही तितक्याच नीट लिहून ठेवायचं.

झाड कोणतं, हेच आधी

लोकांना वाटतं कठीण भाग म्हणजे जंतू वाढवणं. नाही हो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त टेस्ट जंतूपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेल्या असतात, कारण झाडच चुकीचं असतं.

माझंच सांगते. पहिल्या वर्षी मी मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून किराईताची पावडर आणली. अर्क काढला, प्लेट लावली (म्हणजे बारीक खळग्यांच्या ताटलीत अर्क आणि जंतू एकत्र ठेवले), छान रिझल्ट आला, मी खूश. पुढच्या महिन्यात पावडर संपली म्हणून दुसरं पाकीट आणलं तर काहीच नाही, जंतू मजेत वाढतायत. मला वाटलं माझं पायपेटिंग चुकलं, मग परत केलं, परत केलं, कल्चर बदललं, मीडिया (जंतू ज्यात वाढतात ते द्रव) बदलला. असे चार महिने गेले. शेवटी दोन्ही पाकिटातली उरलेली पावडर घेऊन एका वनस्पतीवाल्या मॅडमकडे गेले, त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, ही दोन वेगळी झाडं आहेत.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. कोकणात आणि आपल्याकडे बरेच जण ज्याला ओलेकिराईत किंवा पालेकिराईत म्हणतात ते अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, पावसाळ्यात उगवणारं कंबरेएवढं झुडूप, चौकोनी खोड, समोरासमोर पानं. आणि काडेचिराईत म्हणून जे विकतात ते स्वेर्टिया, हिमालयातलं, त्याच्या सुकलेल्या काड्या येतात आणि काडी मोडली तर आत पिवळट मऊ गाभा दिसतो. दोन्ही कडूजहर, दोन्ही तापावर देतात, दोघांना किराईत म्हणतात, पण कूळ वेगळं आणि आतलं रसायनही वेगळं. पावडर केली की डोळ्यांना काही कळत नाही. गुळवेलीचंही तसंच, टिनोस्पोराच्या दोन-तीन जाती बाजारात एकाच नावाने फिरतात.

म्हणून नियम असा की पावडर कधीच विकत घ्यायची नाही. अख्खं झाड, शक्यतो फुलासकट, स्वतः जाऊन गोळा करायचं. फांदी कागदात दाबून वाळवायची, हर्बेरियम शीट करायची, तिच्यावर जागा, तारीख, उंची, कोणी तोडलं आणि स्थानिक नाव काय हे सगळं लिहायचं. मग ओळख पटवून घ्यायला आघारकर संशोधन संस्थेत किंवा कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात द्यायचं, आणि जो व्हाउचर नंबर (ओळख पटलेल्या नमुन्याचा नंबर) मिळेल तो तुमच्या प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक प्लेटवर, वहीच्या प्रत्येक पानावर आला पाहिजे. नंबर नसलेल्या अर्कावर मी आता प्लेट लावतच नाही, कोणी कितीही विनवण्या केल्या तरी.

कोणता भाग आणि कोणत्या महिन्यात हेही लिहा. एकाच झाडाच्या पानात आणि सालीत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि पावसाळ्यातलं पान उन्हाळ्यातल्या पानासारखं नसतं. साल काढताना खोडाभोवती पूर्ण वर्तुळ कधीच सोलायचं नाही, झाड मरतं, एका बाजूची पट्टी काढा आणि शक्यतो फांदीची काढा. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानालाही हात लावू नका. आणि पुढे पेटंट, कंपनी किंवा परदेशी पार्टनर असं काही डोक्यात असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे, नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला किंवा चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाला आधी विचारा, नंतर नाही.

जे औषध देतात त्यांना विचारायचं काय

वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत एक आजोबा आहेत, हिवतापाला पाला देतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी वही उघडून विचारलं, "आजोबा, काढा किती वेळ उकळता?" ते म्हणाले, "उकळायचा कशाला गं पोरी? ठेचायचा, रात्री माठातल्या पाण्यात घालायचा आन् सकाळच्या पारी फडक्यातनं पिळून द्यायचा." माझ्या प्रोटोकॉलमध्ये तोपर्यंत सगळं उकळलेलं होतं.

मी घरी येऊन बराच वेळ त्या वाक्यावर विचार करत होते, कारण आर्टेमिसिनिनची गोष्ट नेमकी हीच आहे. तू यूयूंच्या टीमचे आधीचे अर्क कधी चालायचे कधी नाही, मग त्यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या पुस्तकातली ओळ परत वाचली, मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. उकळायचं कुठेच नव्हतं. त्यावरून त्यांना उष्णतेची शंका आली, त्यांनी साधारण ३५ अंशाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला आणि १९१ नंबरच्या नमुन्याने उंदरातले शंभर टक्के जंतू मारले.

तेव्हा जाणकाराला भेटाल तेव्हा "कोणतं झाड" एवढंच विचारून निघू नका. ओला देता की वाळलेला, पाण्यात की दुधात की तुपात, उकळून की नुसता भिजवून, सोबत मिरी घालता का (सागरगोट्याच्या बियांसोबत बऱ्याच ठिकाणी घालतात), किती दिवस देता, कोणाला देत नाही. हा शेवटचा प्रश्न लई महत्त्वाचा. "गरोदर बाईला देत नाही" असं उत्तर आलं की तिथेच टॉक्सिसिटीचा (विषारीपणाचा) पहिला धागा मिळाला असं समजा. आणि "ताप म्हणजे कुठला ताप" हेही विचारा, थंडी वाजून येणारा का, एक दिवसाआड येणारा का, कारण नुसता ताप उतरवणारं झाड जंतूला काहीच करत नसेल, आणि तरी ते त्यांच्या कामाचं असतं.

पैसे, चहा, मान, जे रीतीचं असेल ते द्या आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचं नाव किंवा नुस्खा कुठे छापू नका.

अर्क काढताना

नमुना धुवून सावलीत वाळवा. पुण्याच्या पावसाळ्यात सावलीत वाळवायला ठेवलं की चार दिवसांत बुरशी येते, तेव्हा ४० अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवा, त्याच्या वर नको. मग मिक्सरमधून जाडसर भरड काढा, वस्त्रगाळ पीठ करू नका, गाळताना फिल्टर तुंबतो.

दोन अर्क तरी काढायचेच. एक, लोक जसं करतात तसा, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर किंवा काढा, जे असेल ते. दुसरा मिथेनॉल किंवा ८० टक्के इथेनॉलमध्ये, शंभर ग्रॅम भरडीला लिटरभर, २४ तास हलवत ठेवून गाळायचं, असं तीनदा. सॉल्व्हंट रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशाखाली उडवा, पाण्याचा अर्क फ्रीझ-ड्राय करा. किती ग्रॅम झाडातून किती ग्रॅम अर्क आला ते वजन करून लिहा, नंतर डोसचा हिशोब करताना हेच लागतं. सॉल्व्हंट पूर्ण उडालाय याची खात्री करा, वजन दोन दिवस लागोपाठ तेवढंच भरलं पाहिजे. नाहीतर तुम्ही मिथेनॉलची टेस्ट करत बसाल.

स्टॉक बनवताना एक गणित सगळ्यांचं चुकतं. अर्क डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतो आणि डीएमएसओ स्वतःच जंतूला त्रास देतो, म्हणून वेलमध्ये (प्लेटच्या एका खळग्यात) शेवटी तो ०.५ टक्क्याच्या खाली राहायला हवा. आता तुम्ही १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक केला आणि १०० मायक्रोग्रॅमला टेस्ट करायचं म्हटलं तर डीएमएसओ झाला १ टक्का, म्हणजे गेलं. ४० मिलिग्रॅमचा स्टॉक केला तर त्याच १०० मायक्रोग्रॅमला डीएमएसओ पाव टक्का होतो. तेव्हा ४० चा करा, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेवा आणि एक ट्यूब एकदाच वितळवा. पाण्याचा अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

इथपर्यंतचं काम कुठल्याही बऱ्या कॉलेजमध्ये होऊ शकतं. इथून पुढे मात्र लॅब लागते, घरी किंवा कॉलेजच्या साध्या खोलीत करायचं काम नाही हे. माणसाचं रक्त आहे, जिवंत फाल्सिपेरम आहे. बायोसेफ्टी लेव्हल २, एथिक्स कमिटीची परवानगी, तपासलेलं रक्त, आणि वापरलेली प्रत्येक टिप हायपोक्लोराइटमध्ये. सोय नसेल तर व्हाउचर नंबर आणि स्वच्छ अर्क घेऊन मलेरियाचं कल्चर करणाऱ्या एखाद्या ग्रुपला भेटा. नीट तयारी करून आलेल्या माणसाला आम्ही सहसा नाही म्हणत नाही.

जंतू

व्हायवॅक्स अजून सतत कल्चरमध्ये वाढवता येत नाही, त्याला कोवळ्या लालपेशी लागतात, म्हणून टेस्ट फाल्सिपेरमवर होते. तो १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी पहिल्यांदा सतत वाढवून दाखवला, तोही एका काचेच्या भांड्यात मेणबत्ती लावून. मेणबत्ती विझेपर्यंत ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, जंतूला तेच हवं असतं. आजही गॅसचा सिलेंडर संपला की ही युक्ती कामाला येते.

मीडिया आरपीएमआय १६४०, त्यात हेपेस, हायपोझँथिन, जेंटामायसिन आणि १० टक्के माणसाचं सिरम किंवा अर्धा टक्का अल्ब्युमॅक्स. ३७ अंश, ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. रक्त ओ पॉझिटिव्ह घेतो. रक्तदात्याने नुकतीच डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक किंवा मलेरियाची गोळी घेतलेली नसावी, सिकलसेल किंवा जी६पीडी या एन्झाइमची कमतरता नसावी, नाहीतर जंतू वाढत नाही आणि आपण झाडाला श्रेय देऊन बसतो. लालपेशी धुताना वरचा पांढरट थर पूर्ण काढा, एक टिपूस ठेवू नका, का ते पुढे सांगते.

दोन प्रकार तरी ठेवा. क्लोरोक्विनला बळी पडणारा थ्रीडी७ आणि न जुमानणारा डीडी२ किंवा डब्ल्यू२. (थ्रीडी७ चा मूळ जंतू अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या, कधी देश न सोडलेल्या रुग्णाकडून आला, बहुधा विमानातून उतरलेला डास.) अर्क दोघांवर सारखाच चालला तर तो क्लोरोक्विनच्या वाटेने जात नसावा असा अंदाज बांधता येतो.

प्लेट लावायच्या दिवशी सगळे जंतू एका वयाचे पाहिजेत. ५ टक्के सॉर्बिटॉलमध्ये दहा मिनिटं ठेवलं की मोठे जंतू असलेल्या पेशी फुटतात आणि रिंग, म्हणजे कोवळे जंतू, तेवढ्या उरतात. मग स्लाइड करा, मिथेनॉलने फिक्स करा, १० टक्के जिम्सा पंधरा-वीस मिनिटं, आणि शंभरच्या लेन्सखाली तेलाचा थेंब टाकून बघा. चांगली रिंग दिसायला फार सुंदर असते, निळसर नाजूक कडं आणि त्याच्यावर लाल ठिपका, अगदी खड्याची अंगठी. तेच आजारी कल्चर असेल तर काळपट आकसलेले ठिपके दिसतात. असं कल्चर असेल तर त्या दिवशी प्लेट लावू नका, अर्धमेला जंतू कशानेही मरतो. मी नवीन मुलांना पहिला महिनाभर फक्त स्लाइडच मोजायला लावते, रोज हजार पेशी. कंटाळतात, पण नंतर आकडा बघून नाही, जंतू बघून बोलतात.

प्लेट

९६ वेलची प्लेट. कडेच्या वेल्स सुकतात म्हणून तिथे फक्त निर्जंतुक पाणी भरा. अर्क १०० मायक्रोग्रॅमपासून अर्धा अर्धा करत खाली आठ पायऱ्या, म्हणजे शेवटची ०.७८. प्रत्येक पायरी तीन वेलमध्ये.

आम्ही १०० मायक्रोलिटर दुप्पट ताकदीचा अर्क आणि त्यात १०० मायक्रोलिटर कल्चर घालतो. शेवटी हिमॅटोक्रिट (द्रवात लालपेशींचं प्रमाण) २ टक्के हवा असेल तर कल्चर ४ टक्क्याचं घ्या. पण पॅरासायटेमिया दुप्पट करायचा नाही हां, कारण तो शंभर लालपेशींत किती बाधित याचा आकडा आहे, पाणी घालून तो बदलत नाही. अर्धा ते एक टक्का ठेवा. ही चूक मी दर बॅचमध्ये बघते.

कंट्रोल: नुसता जंतू, जंतू आणि तेवढाच डीएमएसओ, जंतू नसलेल्या लालपेशी, क्लोरोक्विन किंवा आर्टेमिसिनिन, आणि अजून एक जो बहुतेक जण विसरतात तो म्हणजे जंतू नसलेल्या लालपेशी अधिक अर्क. थ्रीडी७ वर क्लोरोक्विनचा आयसी-५० (जंतू निम्मे मारणारा डोस) साधारण १० ते २० नॅनोमोलर यायला हवा. शंभर आला तर काहीतरी बिघडलंय, झाडाचा आकडा कितीही गोड असला तरी ती प्लेट बाद.

४८ किंवा ७२ तासांनी सायबर ग्रीन. हा रंग डीएनएला चिकटतो आणि चमकतो, आणि परिपक्व लालपेशीत डीएनए नसतो, म्हणजे जी चमक दिसेल ती जंतूची. आता कळलं ना तो पांढरट थर का काढायचा? पांढऱ्या पेशीत डीएनए असतो, ती राहिली तर मेलेल्या कल्चरमध्येही चमक येणार. लायसिस बफरमध्ये रंग घालून तासभर अंधारात ठेवा, ४८५ ला उत्तेजित करून ५३० च्या आसपास वाचा. जंतू नसलेल्या वेलची चमक सगळ्यांतून वजा करा, नुसत्या जंतूच्या वेलशी तुलना करून टक्केवारी काढा, आणि डोसचा लॉग घेऊन वक्र बसवा.

एका प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या आठवड्यात, वेगळ्या कल्चरवर, वेगळ्या दात्याच्या रक्तात तीनदा करा, मग बोला.

जिथे झाडपाला हमखास फसवतो

शुद्ध रसायनाची टेस्ट करणारे लोक हा भाग सांगत नाहीत कारण त्यांना तो लागत नाही.

पहिला चोर सॅपोनिन. रिठा, शिकेकाई भिजवली की फेस येतो ना, तेच. सॅपोनिन लालपेशीच फोडतं, आणि घरच फुटलं तर जंतू मरणारच. आम्ही स्वतः जंतू बाहेर काढायला लालपेशी सॅपोनिननेच फोडतो. ओळखायची साधी खूण म्हणजे प्लेट रीडरमध्ये घालायच्या आधी हातात धरून उजेडात बघा. चांगल्या वेलमध्ये पेशी तळाशी बसलेल्या असतात आणि वर मीडिया स्वच्छ दिसतो. सॅपोनिनवाल्या वेलमध्ये वरचा मीडिया रुहअफजासारखा लाल पारदर्शक होतो. ती जंतू नसलेल्या लालपेशी अधिक अर्काची वेल इथेच कामाला येते, तीही लाल झाली असेल तर तो अर्क जंतूवर नाही, पेशीवर चालतोय. तो आकडा आयसी-५० म्हणून छापू नका, कृपा करून.

दुसरा चोर टॅनिन. हिरडा, बेहडा, खैर आणि बऱ्याच साली. टॅनिन कुठल्याही प्रोटीनला चिकटतं, म्हणून कुठल्याही टेस्टमध्ये "चालतं". पॉलिअमाइडच्या कॉलममधून टॅनिन काढून परत टेस्ट करा, गुण उरला तर खरा.

तिसरा म्हणजे रंग. गडद हिरव्या अर्कातलं हरितद्रव्य चमक गिळतं, मग वाटतं जंतू मेले. उलट दारुहळदीतलं बर्बेरीन स्वतःच चमकतं, मग वाटतं जंतू जिवंत आहेत. म्हणून जो अर्क सायबर ग्रीनमध्ये चांगला दिसेल त्याची दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची, जंतूच्या लॅक्टेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमची टेस्ट करा नाहीतर सरळ स्लाइड करून मोजा. स्लाइड कधी खोटं बोलत नाही, फक्त वेळ खाते.

आकड्याचं काय करायचं

कच्च्या अर्कासाठी आम्ही ढोबळ असं धरतो: आयसी-५० जर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर पुढे जायचं, १० ते ५० मध्यम, ५० च्या वर असेल तर वहीत लिहून ठेवायचं आणि सोडायचं. १०० मायक्रोग्रॅमला ६० टक्के मरतात म्हणून "प्रभावी" लिहिणारे लेख मी रोज बघते आणि वाईट वाटतं, एवढ्याला तर घरातला मसाल्याचा डबाही प्रभावी निघेल.

मग टॉक्सिसिटी. तोच अर्क माणसाच्या किंवा माकडाच्या पेशींवर, हेपजी२ किंवा व्हेरो, एमटीटी टेस्टने (किती पेशी जिवंत उरल्या ते सांगणारी). गणेशखिंडला नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सची सेल रिपॉझिटरी आहे, तिथून पेशी मिळतात. पेशी निम्म्या मारणारा डोस भागिले जंतू निम्मे मारणारा डोस, हे उत्तर दहाच्या वर आलं तर बरं. दोन-तीन आलं तर ते औषध नाही, विष आहे, जंतूलाही आणि आपल्यालाही.

नळीत चाललं म्हणजे अंगात चालेल असंही नाही. बर्बेरीन प्लेटमध्ये छान काम करतं आणि उंदराला तोंडाने दिलं की फिकं पडतं, कारण आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. उलटही होतं, काही रसायनं लिव्हरमध्ये बदलल्यावरच काम करतात, ती प्लेटमध्ये नापास होतात. त्यासाठी पीटर्स यांची चार दिवसांची टेस्ट असते, उंदराला एक कोटी बाधित पेशींचं प्लाझमोडियम बर्घाय (उंदराला होणारा मलेरियाचा जंतू) टोचायचं, चार दिवस औषध द्यायचं आणि पाचव्या दिवशी शेपटीच्या रक्ताची स्लाइड. प्राण्यांच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय नाही आणि वरच्या सगळ्या चाळण्यांतून पार झाल्याशिवायही नाही, उगाच जीव घ्यायचे नाहीत.

आणि उंदरानंतरही माणूस उरतोच. आयुष-६४ हे सातवीण, कुटकी, चिराईत आणि सागरगोटा यांचं मिश्रण १९८० च्या सुमारास मलेरियासाठीच तयार झालं होतं. व्हायवॅक्सच्या रुग्णांत क्लोरोक्विनशी समोरासमोर तुलना केली तेव्हा ते बरंच मागे पडलं. मला हे सांगताना आनंद होत नाही, पण ज्यांनी ती तुलना केली आणि छापली त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

पास झालेल्या अर्काचं पुढे फ्रॅक्शनेशन, म्हणजे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा परत प्लेटवर, जो चालेल त्याचे परत तुकडे. दोन-तीन फेऱ्यांनी एलसी-एमएस (रसायनं वेगळी करून ओळखायची पद्धत) करून आधीच माहीत असलेलं रसायन तर नाही ना ते बघा. कडुनिंबात गेड्युनिन हे आधीच माहीत असलेलं रसायन परत "शोधायला" वर्ष घालवू नका. कधी कधी तुकडे पाडले की गुणच नाहीसा होतो, तेव्हा वेगळे केलेले तुकडे परत एकत्र करून टेस्ट करा, गुण परत आला तर दोन रसायनं मिळून काम करतायत, नाही आला तर ते कॉलमवर अडकलं किंवा सडलं.

वेल्ह्याच्या आजोबांच्या पाल्याचा रिझल्ट सांगायला मी परत गेले होते. उकळलेला अर्क ५० च्या वर, थंड पाण्यातला २२, रसायन अजून सापडलेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू आश्विनात तोडून नेलीस, आम्ही श्रावणात तोडतो. तेव्हा आता त्याच झाडाला नंबरची पट्टी बांधलीय आणि येत्या श्रावणात पहिल्या आठवड्यात पाला आणायचा, त्याच दिवशी थंड पाण्यात घालायचा, जुन्या अर्काची एक ट्यूब सोबत लावायची, एकाच प्लेटवर.